गाडी बार काढते, पण चालू होत नाही?



तुमच्या शेडात जुनी पेट्रोल जीप, अँबेसिडर नाहीतर पद्मिनी उभी असेल, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. महिंद्रांनी मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. पद्मिनी ज्या प्रीमियर कंपनीची, ती 1944 मध्ये काढणारे वालचंद हिराचंद हे सोलापुरात जन्मलेले. अँबेसिडर 2014 मध्ये बंद झाली. गाड्या जुन्या झाल्या, पण त्यांच्यात संगणक नाही. जे आहे ते उघडून डोळ्यांनी बघता येतं.

समजा, वैरागहून बार्शीला लग्नाला निघायचंय. माणसं कपडे करून उभी आहेत, आणि गाडी नुसते बार काढते, चालू काही होत नाही. लगेच कोणीतरी म्हणतो, "इंजिन खोलावं लागतंय." थांबा! बार निघतो याचा अर्थ इंजिनात पेट्रोल पोचतंय आणि ठिणगीही पडतेय. बहुतेक वेळा चुकलेली असते ती ठिणगीची वेळ. झोका मागं जाऊन परत फिरला की धक्का द्यायचा असतो. तो अंगावर येत असताना दिला तर आपल्यालाच हिसका बसतो. इंजिनाचंही तसंच आहे.

आधी जीव सांभाळा

गाडी कडब्याच्या गंजीपासून लांब, मोकळ्या जागेत ढकला. सायलेन्सरमधून निघालेली ठिणगी वर्षाचा चारा जाळू शकते. विडी-काडी बंद. वाळूची बादली जवळ ठेवा. कार्बोरेटरवरची हवेची चाळणी काढून गाडी चालू करू नका. बार उलटा आला तर जाळ तोंडावर येतो.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. हँडल मारताना अंगठा दांड्याभोवती वळवू नका, बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. ठिणगी लवकर पडली तर हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं.

बार कुठून निघतो?

कार्बोरेटरमधून निघत असेल तर ठिणगी लवकर पडतेय, प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्यात, किंवा पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय. सायलेन्सरमधून निघत असेल तर ठिणगी उशिरा पडतेय किंवा मधेच चुकतेय; न जळलेलं पेट्रोल पुढं जाऊन नळीत पेटतं. आता खालच्या क्रमानं तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

1. वायरी. या तिन्ही गाड्यांचा ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असा आहे. रेडिएटरजवळचा प्लग एक नंबरचा. डेल्कोचं झाकण काढून रोटर कोणत्या बाजूनं फिरतो ते बघा. त्याच दिशेनं झाकणावर 1-3-4-2 लागलं पाहिजे. प्लग साफ करताना वायरींची अदलाबदल होणं ही नेहमीची चूक. वायरींना दोऱ्याच्या एक, दोन, तीन, चार गाठी मारून ठेवा.

2. झाकण. आतून ओल, चीर किंवा काळी रेघ असेल तर ठिणगी भलत्याच प्लगला जाते. पावसाळ्यात हे फार होतं. कोरड्या फडक्यानं पुसा. चीर असेल तर झाकण बदला.

3. पॉइंट. बारीक पॉलिश कागदानं साफ करा. पूर्ण उघडल्यावर फट साधारण 0.4 ते 0.5 मि.मी. असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. फट वाढली की ठिणगी लवकर पडते, कमी झाली की उशिरा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदलून बघा.

4. टायमिंग. किल्ली बंद करा. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि दुसऱ्याला हँडल हळू फिरवायला सांगा. हवा अंगठा ढकलू लागली की पुली किंवा फ्लायव्हीलवरची खूण जुळवा. आता रोटर एक नंबरच्या वायरीकडं हवा. तो बरोबर उलट्या दिशेला असेल, तर डेल्को अर्धा फेरा चुकीचा बसलाय. थोडाच फरक असेल तर डेल्कोचा पट्टा ढिला करून किंचित फिरवा. कोणी हात लावला नसताना रोटर भलतीकडंच दिसला, तर आतली टायमिंग चेन किंवा गियर सरकला असेल. तिथं मात्र मेस्त्रीच लागतो.

5. पेट्रोल. टायमिंग बरोबर असूनही कार्बोरेटर फटफटतो, तर जेटमध्ये कचरा, चोक अडकलेला किंवा गॅस्केटमधून हवा येते. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यात पाणी शिरलं की इथेनॉल पाण्यासोबत टाकीच्या तळाला बसतं, शिवाय जुने रबरी पाइप त्यानं खराब होतात. गाडी महिनोन् महिने उभी असेल तर जुनं पेट्रोल काढून टाका आणि पाइप बघा.

6. व्हॉल्व्ह. किल्ली बंद ठेवूनच सगळे प्लग लावून हँडल फिरवा. चारही वेळा सारखा जोर लागला पाहिजे. एखाद्या ठिकाणी हँडल सैल फिरलं तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. इंजिन खोलायचा विषय इथं येतो, त्याआधी नाही.

पहिल्या चार गोष्टींना पान्हा, पेचकस, फिलर गेज आणि कोरडं फडकं एवढंच लागतं. त्या बघितल्याशिवाय कोणालाही इंजिनाला पान्हा लावू देऊ नका. आणि वायर काढण्याआधी गाठ मारायला विसरू नका. हे पत्रक गाडीच्या कप्प्यात जपून ठेवा.