अलाइनमेंटनंतरही डगमगणारे स्टिअरिंग

व्हील अलाइनमेंट म्हणजे मोटारीच्या चाकांचे एकमेकांशी, रस्त्याशी आणि गाडीच्या मध्यरेषेशी असलेले कोन मोजून ते कारखान्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत आणण्याचे काम होय. ते झाल्यावर गाडी सरळ आणि स्थिर धावावी, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु पंधरा-वीस वर्षे वापरलेली गाडी अलाइनमेंट करून बाहेर पडल्यावर पूर्वीपेक्षा अधिक भरकटते, सरळ रस्त्यावरही तिचे स्टिअरिंग क्षणोक्षणी सावरावे लागते, असे वारंवार घडते. मग दोष कारागिराचा किंवा यंत्राचा मानून पुन्हा अलाइनमेंट करून घेतले जाते आणि दुसऱ्या छापील अहवालातही सगळे आकडे मर्यादेत दिसतात. या कोड्याचे उत्तर असे की, अलाइनमेंटचे यंत्र उभ्या गाडीचे कोन मोजते, तर झिजलेल्या गाडीचे कोन ती धावू लागताच बदलतात. त्यामुळे आकडे बरोबर असणे आणि गाडी सरळ चालणे या जुन्या गाडीच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

अहवालात मुख्यतः तीन कोन असतात. वरून पाहिले असता पुढच्या दोन चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा एकमेकींच्या जवळ असल्या, तर त्याला टो-इन म्हणतात, आणि दूर असल्या, तर टो-आउट. समोरून पाहताना चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर किती कलला आहे, ते कॅम्बर सांगतो. कॅस्टर हा तिसरा कोन बाजूने दिसतो: चाक ज्या काल्पनिक अक्षाभोवती वळते, तो वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेला असतो, आणि वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होण्याची प्रवृत्ती मुख्यत्वे या झुकावातून येते. सराईत सायकलस्वार हात सोडूनही सरळ जाऊ शकतो, त्यात पुढच्या तिरक्या चिमट्याच्या याच कोनाचा वाटा असतो. कॅस्टर कमी झाला, तर स्टिअरिंग हलके लागते, पण गाडी सरळ रेषा धरत नाही; टो-आउट वाढला, तर स्टिअरिंगच्या अगदी लहान हालचालीनेही ती एकदम बाजूला झेपावते. भरकटण्याच्या तक्रारीत म्हणूनच सर्वांत आधी या दोन कोनांचा विचार करावा लागतो.

मारुती 800 हे या विषयाचे चांगले उदाहरण आहे. 1983 ते 2014 या काळात तयार झालेली ही गाडी महाराष्ट्राच्या लहान गावांतही अजून वापरात दिसते, आणि तिची रचना इतकी साधी आहे की दोषाचा माग काढणे तीत तुलनेने सोपे जाते. तिच्या पुढच्या चाकांचा टो टाय रॉडची, म्हणजे स्टिअरिंगच्या रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, लांबी कमी-जास्त करून बदलता येतो. मात्र कॅम्बर आणि कॅस्टर बदलण्याची सोय मूळ रचनेत नाही. ते मर्यादेबाहेर गेले असतील, तर त्याचा अर्थ एखादा भाग वाकला आहे, झिजला आहे किंवा स्प्रिंग बसली आहे. अहवालातील हे आकडे अनेकदा ‘अ‍ॅडजस्टमेंट नाही’ म्हणून सोडून दिले जातात. वास्तविक निदानाच्या दृष्टीने तेच सर्वांत बोलके असतात.

याच गाडीत आणखी एक बारकावा आहे. पुढच्या प्रत्येक चाकाला खालून एकच आडवा लोअर आर्म धरतो, आणि त्या आर्मला पुढे-मागे सरकू न देण्याचे काम स्टॅबिलायझर बारची टोके करतात. गाडी वळणावर एका बाजूला कलू नये यासाठी बसवलेला हा बार येथे दुहेरी जबाबदारी वाहतो. त्याचे रबरी बुश झिजले की ब्रेक लावताना चाकाचा खालचा टेकू मागे ढकलला जातो, कॅस्टर कमी होतो, टोही हलतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच सगळे पुन्हा पुढे येते. अलाइनमेंटच्या रॅम्पवर गाडी स्थिर उभी असताना यातले काहीच घडत नसल्याने अहवाल निर्दोष येतो.

आता अलाइनमेंटनंतर अस्थिरता वाढते कशी, हे पाहता येईल. समजा, अनेक वर्षांत गाडीचा टो-इन बराच वाढला होता. अशा स्थितीत दोन्ही चाके धावताना सतत आतल्या बाजूला जाऊ पाहतात, परस्परांविरुद्ध जोर लावतात, आणि त्या जोरामुळे टाय रॉड एंडमधला सैलपणा, ज्याला गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’ म्हणतात, एका बाजूला दाबलेला राहतो. टायर झपाट्याने झिजतात, पण स्टिअरिंग घट्ट वाटते. अलाइनमेंटमध्ये टो शून्याच्या जवळ आणला की तो जोर नाहीसा होतो आणि चाके प्लेच्या मर्यादेत मोकळेपणाने इकडे-तिकडे हलू लागतात. म्हणजे प्ले आधीपासून होताच, चुकीच्या टोने तो दडवून ठेवला होता. यात किती लहान मापे गुंतलेली असतात, तेही लक्षात घ्यावे: 12 इंची रिमच्या कडांवर मोजलेला टोमधला 3 मिलिमीटर फरक म्हणजे जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडा अधिक कोन, आणि झिजलेल्या दोन-तीन जोडांचा एकत्रित प्ले तेवढा फरक सहज घडवू शकतो. प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत पुढची चाके रस्त्याच्या विरोधामुळे मागे ढकलली जातात आणि टो-आउटकडे झुकतात. म्हणून अशा गाड्यांत थोडा टो-इन मुद्दाम ठेवण्याची रीत आहे, आणि जोड सैल असतील, तर तो टो-इन रस्त्यावर उरतच नाही.

निदानाची सुरुवात मात्र नुकत्याच झालेल्या कामापासून करावी, कारण त्यातली एक चूक जिवावर बेतू शकते. टाय रॉडची लांबी बदलताना सैल केलेला लॉक नट पुन्हा आवळला आहे की नाही, हे गाडी पुढे चालवण्यापूर्वी पाहिलेच पाहिजे. तो सैल राहिला, तर दांडा फिरून टो आपोआप बदलत जातो. दोन्ही बाजूंच्या टाय रॉडवर बाहेर दिसणारे आटे साधारण सारखे असावेत. एका बाजूला बरेच जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसत असतील, तर टो बरोबर असूनही स्टिअरिंगची यंत्रणा मध्यावर नाही, असे समजावे. स्टिअरिंगचे चाक तिरके राहिले म्हणून ते काढून सरळ बसवून देण्याचा उपाय काही ठिकाणी केला जातो. त्याने केवळ खूण लपते, कारण आतला रॅक मध्यापासून सरकलेलाच राहतो.

हे मध्यावर असणे जुन्या स्टिअरिंग बॉक्सच्या गाड्यांत अतिशय महत्त्वाचे ठरते. पद्मिनीसारख्या गाडीत स्टिअरिंगच्या दांड्यावरील मळसूत्रासारखा वर्म एका आडव्या शाफ्टला फिरवतो, आणि अशा बॉक्सची घडण सर्वसाधारणपणे अशी असते की, चाके सरळ असताना दात सर्वांत घट्ट बसावेत आणि दोन्ही बाजूंच्या वळणांत थोडे मोकळे व्हावेत. अलाइनमेंट करताना दोन्ही दांडे विषम फिरवले गेले, तर चाके सरळ असतानाच बॉक्स आपल्या मोकळ्या भागात येतो आणि सरळ रस्त्यावर, म्हणजे नेमका जेथे नको तेथे, प्ले जाणवू लागतो. यावर दातांची पकड ठरवणारा बॉक्सचा स्क्रू आवळून टाकणे हा धोक्याचा उपाय आहे. मधला भाग सर्वाधिक वापरला जात असल्याने सर्वाधिक झिजलेला असतो. तेथला प्ले नाहीसा होईपर्यंत स्क्रू आवळला, तर वळणात बॉक्स जाम होऊ लागतो आणि स्टिअरिंग स्वतःहून परतत नाही. आधी बॉक्स मध्यावर आणून मग दांडे जुळवणे, हाच बरोबर क्रम होय.

प्ले शोधण्याची सर्वांत विश्वसनीय रीत कोणत्याही यंत्राशिवाय होते. चाके जमिनीवर आणि गाडीचे वजन त्यांवर असताना एकाने स्टिअरिंग थोडे-थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने कॉलमच्या कपलिंगपासून टाय रॉड एंडपर्यंत प्रत्येक जोड हात लावून पाहावा. ज्या जोडात हालचाल शिरते, पण पलीकडे लगेच पोचत नाही, तो जोड झिजलेला असतो. रॅक ज्या क्लॅम्पांनी बॉडीला बांधलेला असतो, त्यांतील रबर खराब झाले, तर संपूर्ण रॅकच सरकताना दिसतो, आणि हा दोष हमखास नजरेआड होतो. त्यानंतर गाडी जॅकने उचलून, ती स्टँडवर भक्कम टेकवून, चाक वर-खाली धरून हलवावे. चाक हलले, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे: ब्रेक दाबताच हालचाल थांबली, तर व्हील बेअरिंग दोषी, आणि ती कायम राहिली, तर संशय बॉल जॉइंटवर येतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 98 नुसार स्टिअरिंगच्या चाकावरील प्ले 30 अंशांपेक्षा अधिक नसावा आणि स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटांना रबरी टोप्या असाव्यात. यातली टोपीची अट क्षुल्लक मानू नये. टोपी फाटली की धूळ आणि पावसाचे पाणी आत जाते, ग्रीस वाहून जाते आणि जोड थोड्याच काळात सैल होतो. प्लेची 30 अंशांची मर्यादा मात्र कायद्याची शेवटची रेषा समजावी. रॅक असलेल्या गाडीत या मर्यादेच्या निम्मा प्लेदेखील वेगात गाडी भरकटवण्यास पुरेसा असतो.

टायरांचा विचार येथेच करणे इष्ट, कारण पुष्कळदा सारा दोष त्यांचाच असतो. चुकीच्या टोवर हजारो किलोमीटर धावलेल्या टायरच्या नक्षीच्या कडा एका बाजूला धारदार होतात. तळहात आडवा फिरवल्यास हे लगेच कळते. कोन सुधारल्यावरही असा टायर जुन्या झिजेप्रमाणे वागतो. गाडी भरकटत नसून सतत एकाच बाजूला ओढत असेल, तर हवा समान करून पुढचे दोन टायर परस्परांत बदलून पाहावेत: ओढीची दिशा उलटली, तर कारण टायरमध्ये आहे, ती तशीच राहिली, तर एका चाकाचा अडकलेला ब्रेक किंवा दोन बाजूंच्या कॅस्टर-कॅम्बरमधील तफावत तपासावी. आपल्याकडे रस्त्याला डाव्या कडेकडे उतार असल्याने गाडी किंचित डावीकडे जाणे स्वाभाविक असते, हेही ध्यानात ठेवावे. कमी चालणाऱ्या गाडीत नक्षी शाबूत असूनही रबर कडक झालेले असते. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे 2312 असे अंक असतील, तर तो टायर 2012 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झालेला आहे. ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असेल आणि त्याहून कमी किंवा जास्त वेगाला ते थरथरणे थांबत असेल, तर तो अलाइनमेंटचा प्रश्नच नव्हे; चाकाचे बॅलन्सिंग करावे.

मागची चाकेही विसरता येत नाहीत. मागचा अ‍ॅक्सल जागेवर धरणाऱ्या लिंकांचे बुश सैल झाले, तर गाडी मागून वळू लागते, आणि चालकाला मात्र दोष पुढे असल्याचा भास होतो. बुश नवे घालताना त्यांचे बोल्ट चाके लोंबकळत असताना आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी करून, तिच्या नेहमीच्या उंचीला आवळावेत, अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. सुटे भाग बदलल्यावरच नवे अलाइनमेंट करावे आणि दुरुस्तीपूर्वीचा अहवाल त्याच्याशी पडताळण्यासाठी जपून ठेवावा.

सगळे जोड नवे, टायर चांगले, तरीही कॅस्टर वा कॅम्बर दर खेपेला वेगळा येत असेल, तर बॉडी पाहावी लागते. मारुती 800 सारख्या गाडीला वेगळी चेसिस नसते. सस्पेन्शनचे भाग थेट पत्र्याच्या बॉडीला जोडलेले असतात, आणि मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत आर्म व स्टॅबिलायझर जेथे बसतात, तेथला पत्रा आतून गंजतो. वरून रंग नीट दिसला, तरी टोचणीने दाबल्यावर तो आत जातो. अशा गाडीत आधी गंजलेला भाग कापून जाड पत्र्याचे वेल्डिंग करून घ्यावे लागते; ते होईपर्यंत ती वेगात चालवणे सुरक्षित नाही.