ट्रिपच्या आधीची घंटा

टेलिकॉमची रॅक कार्ड बदलण्यासाठी बंद करत नाहीत. बिघडलेलं कार्ड चालू 48 व्होल्टमधून ओढायचं आणि नवं तसंच आत ढकलायचं. नव्या कार्डावरचे कपॅसिटर त्या क्षणी पूर्ण रिकामे असतात. मध्ये कोणी नसेल तर ते इतका करंट ओढतात की कनेक्टरच्या पिना जळतात, शेजारची कार्डं रीसेट होतात. मध्ये उभा राहतो तो हॉट-स्वॉप कंट्रोलर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एलएम5066 हा त्यांपैकी एक, 10 ते 80 व्होल्टवर चालणारा. त्याचा इव्हॅल्युएशन बोर्ड म्हणजे हा राखणदार कधी ओरडेल आणि कधी दार लावेल, हे टेबलावर ठरवून पाहायची जागा.

दार लावण्याचं काम हार्डवेअरचं आहे. करंट मोजणाऱ्या शंट रेझिस्टरवरचा 26 मिलिव्होल्टचा उंबरठा निवडला आणि शंट 2 मिलिओहमचा असला, तर मर्यादा 13 अँपिअर. तिथे पोचल्यावर चिप करंटच्या वाटेतल्या स्विचला, म्हणजे मॉसफेटला, आवळून धरते आणि टायमरचा कपॅसिटर भरू लागतो. तो भरला की फॉल्ट, मॉसफेट बंद. थेट शॉर्ट झाला तर टायमरचीही वाट पाहिली जात नाही. चिपमधला सर्किट ब्रेकर मायक्रोसेकंदांत मॉसफेटचं गेट खाली खेचतो. खरी कसोटी त्या टायमरच्या कपॅसिटरची आहे. तो लहान घेतला तर कार्ड सुरू होतानाच ट्रिप होतं, मोठा घेतला तर मॉसफेट तेवढा वेळ भाजत राहतो. मॉसफेटचा सेफ ऑपरेटिंग एरियाचा आलेख समोर ठेवल्याशिवाय हा कपॅसिटर कोणी निवडू नये.

वॉर्निंगची जात वेगळी. ती काही बंद करत नाही, फक्त सांगते. सबस्टेशनात काम केलेल्यांना हे नवं नाही. मॅक्स बुखोल्झ यांनी 1921 मध्ये केलेला रिले आजही मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर असतो. तेलात हळूहळू वायू साठला तर तो अलार्म देतो, तेल उसळलं तर ट्रिप. एकाच डब्यात दोन तरंगते गोळे, दोन वेगळे कॉन्टॅक्ट. एलएम5066 मध्ये हीच विभागणी पीएमबसच्या, म्हणजे चिपशी बोलायच्या डिजिटल बसच्या, कमांडमध्ये आहे.

आणि इथेच बहुतेकांची नजर चुकते. चिप चालू होते तेव्हा तापमानाची मर्यादा भरलेली असते : 125 अंशांवर वॉर्निंग, 150 वर फॉल्ट. (हे तापमान मॉसफेटला चिकटून बसवलेला एक साधा ट्रान्झिस्टर मोजतो, तो दूर बसवला तर आकडा खोटा.) व्होल्टेज आणि करंटच्या वॉर्निंग मात्र टोकाच्या आकड्यांवर असतात, म्हणजे झोपलेल्या. त्यांना आपणच जागं करायचं. समजा, रेझिस्टरनी कमी व्होल्टेजचं कुलूप 36 व्होल्टला बसवलं आहे. मग वॉर्निंग 40 च्या आसपास हवी, म्हणजे बॅटरी उतरत असताना ऑपरेटरच्या हाती वेळ राहतो. 36.5 वर ठेवलेली वॉर्निंग ही माझ्या मते वॉर्निंगच नव्हे.

आकडे लिहिताना व्होल्ट-अँपिअर थेट चालत नाहीत, गुणक लावून पूर्णांक करावा लागतो. करंटचा गुणक शंटवर अवलंबून असतो. शंट बदलला आणि गुणक जुनाच राहिला, तर मर्यादा निमूटपणे चुकीची बसते. म्हणून लोड जोडून, बाहेरच्या मीटरशी ताडून मगच पुढे जावं.

एकदा लागलेली वॉर्निंग कारण निघून गेलं तरी स्टेटसमध्ये राहते. ती पुसायला कमांड द्यावी लागते. पुसण्याआधी वाचा, कारण रात्री येऊन गेलेला झटका सकाळी तिथेच सापडतो. फॉल्टनंतर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, हेही ठरवता येतं. फॉल्ट आला तरी मॉसफेट बंद होऊ नये, अशी सोयही गेट मास्क नावाच्या कमांडमध्ये आहे. करंटच्या फॉल्टसाठी ती कधीही वापरू नका. मॉसफेट जळेल, कदाचित बोर्डही.

शेवटचं, आणि विसरायचं नाही असं. या चिपला कायमची स्मृती नाही. वीज गेली की तुम्ही लिहिलेली प्रत्येक वॉर्निंग पुसली जाते. टेबलावर नीट बसवलेले आकडे तुमच्या फर्मवेअरने दर वेळी सुरू होताना पुन्हा लिहिलेच पाहिजेत. बोर्ड एकदा बंद करून चालू करा आणि वॉर्निंगच्या मर्यादा पुन्हा वाचून पाहा.