छप्पर मिळाले, सावलीचे काय?

तापीकाठचे बऱ्हाणपूर ही एके काळी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. पुढे जहांगीर बादशहाच्या अमदानीत, १६१५ साली, सातपुड्यातून झिरपणारे पाणी कोणत्याही यंत्रावाचून, केवळ जमिनीच्या उताराने, भुयारांतून या शहरास पुरविले गेले. शंभरावर कुंड्यांचा तो कुंडी भंडारा आजही पाहावयास मिळतो. भूमीचा स्वभाव ओळखून केलेले काम शतके टिकते, हाच त्याचा धडा होय. गरिबांची घरे बांधताना मात्र आपण तो विसरलो आहोत, असे खेदाने म्हणावे लागते.

बऱ्हाणपुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या आसपास असतो. पण हवा कोरडी असल्याने रात्र निवते. हे जाणूनच त्या मुलखातील जुन्या घरांना जाड भिंती, लहान खिडक्या, मध्ये चौक आणि वर मातीचे धाबे असे. दिवसाचे ऊन भिंती सोशीत. रात्री माणसे धाब्यावर निजत. आज सरकारी साहाय्याने उभ्या राहणाऱ्या घरांवर बहुधा सिमेंटची उघडी स्लॅब असते. दिवसा तापलेली ही स्लॅब रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडीत राहते. दिवसभर यंत्रमागापाशी उभ्या राहिलेल्या कामगाराला रात्रीही डोळा लागू नये, तर ते घर पक्के कोणत्या अर्थाने?

आपल्या गोमंतकात प्रश्न नेमका उलट आहे. येथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. हवा दमट, रात्रही फारशी निवत नाही. म्हणून येथे वारा खेळता हवा. चिऱ्यांच्या भिंती, उतरती कौले, रुंद वळचण आणि तुळशीवृंदावनाचे राजांगण ही आपल्या पूर्वजांची हौस नव्हती, हवामानाला दिलेले उत्तर होते. दोन्हीकडे एकच स्लॅब ओतणे हे दोन रोग्यांना एकच काढा पाजण्यासारखे आहे.

स्लॅबला दुरुस्ती कमी लागते, पुढे वर मजलाही चढविता येतो. लोक ती मागतात, यात त्यांचा दोष नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागात २ कोटी व शहरांत १ कोटी नव्या घरांना साहाय्य देण्यास मंजुरी दिली. सपाटीवरील ग्रामीण घराचे साहाय्य मात्र २०१६ प्रमाणेच १ लाख २० हजार रुपये ठेवले. एवढ्यात २५ चौरस मीटरांचे घर उभारणारा सावलीचा विचार कोठून करणार?

प्रदेशागणिक घरांचे नमुने सरकारने 'पहल' या संग्रहातून पूर्वीच प्रसिद्ध केले आहेत. आता साहाय्याच्या पहिल्या हप्त्याबरोबर त्या प्रदेशाचा नमुना आणि तो जाणणारा गवंडी लाभार्थ्यापर्यंत पोहोचला पाहिजे. तापट मुलखात स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात, दमट किनाऱ्यावर समोरासमोर खिडक्या, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. आज बांधलेल्या घरात दोन पिढ्या नांदणार आहेत. त्यांना छपराबरोबर सुखाची झोपही मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे.