कॉफीच्या चोथ्यातील नत्र

कॉफी गाळून घेतल्यावर गाळणीत जो काळसर, ओलसर चोथा उरतो, तो झाडांच्या बुंध्याशी घालण्याची चाल अलीकडे शहरांतील बागांतून बरीच रूढ झाली आहे. गुलाब असो, जास्वंद असो की टोमॅटो असो, चोथा घातला की झाड तरारते, असा समज आढळतो. ह्या समजाच्या पुष्ट्यर्थ जो पुरावा पुढे करण्यात येतो तो रासायनिक पृथक्करणाचा होय. तो पुरावा खोटा नाही. परंतु त्यावरून जो निष्कर्ष काढण्यात येतो तो त्यातून निघत नाही. मृदाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या पदार्थाकडे लक्ष द्यावे, ते ह्याच कारणासाठी.

वाळलेल्या चोथ्यात वजनी सुमारे २ टक्के नत्र असते. स्फुरद व पालाश ह्यांचे प्रमाण त्याहून बरेच कमी भरते. शेणखतात सुमारे अर्धा टक्का नत्र धरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तेव्हा चोथा शेणखताच्या चौपट सकस, असा हिशेब कोणीही सहज मांडील. (एक आकडा कोरड्या वजनावरचा आणि दुसरा बहुधा ओलाव्यासह घेतलेला, ही गोष्ट ह्या हिशेबात निसटून जाते.) कर्ब-नत्र गुणोत्तर पाहावे तर तेही २० ते २५ च्या आसपास, म्हणजे अनुकूलच. भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा मातीत मिसळला असता सूक्ष्मजीव स्वतःच्या वाढीसाठी मातीतील नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. चोथ्याच्या बाबतीत तशी भीती कागदावर तरी फारशी दिसत नाही.

तथापि एकूण नत्र आणि उपलब्ध नत्र ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत. चोथ्यातील नत्र मुख्यत्वे प्रथिनांच्या रूपात बांधलेले असते, आणि बी भाजताना त्याचा काही अंश शर्करांशी संयोग पावून दुर्विघटनीय तपकिरी द्रव्यांत अडकतो. मुळांना उपयोगी पडणारे अमोनियम व नायट्रेट त्यातून सूक्ष्मजीवांच्या द्वारा हळूहळूच मुक्त होते. म्हणजे चोथा निष्फळ नाही, केवळ मंद आहे, असे येथवर म्हणता येईल. प्रत्यक्ष लागवडीच्या प्रयोगांत मात्र ह्याहून गंभीर गोष्ट निदर्शनास आली.

मेलबर्न येथील हार्डग्रोव्ह व लिव्हस्ली ह्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ब्रॉकोली, लीक, मुळा, व्हायोला आणि सूर्यफूल ही पाच पिके निरनिराळ्या पोतांच्या मातीत, ताजा चोथा मिसळून व न मिसळता, वाढविली. चोथ्यामुळे मातीची पाणी धरून ठेवण्याची शक्ती वाढली. पण पाचही पिकांची वाढ खुंटली. सोबत खत दिले तरी ती सुधारली नाही. ह्या प्रयोगातील मर्म ह्या शेवटच्या गोष्टीत आहे. केवळ नत्राचा तुटवडा हे कारण असते, तर खताने तो भरून निघावयास हवा होता. तो निघाला नाही, ह्यावरून चोथ्यातील वनस्पतिघातक द्रव्यांकडे बोट जाते. कॅफीन, क्लोरोजेनिक आम्ल व टॅनिनसदृश फेनॉली द्रव्ये ही त्यांपैकी होत. कॅफीन बीजांकुरणास मारक आहे हे पूर्वीपासून ज्ञात आहे. त्याच प्रयोगात तणांची वाढही घटली, हे ह्या तर्काशी जुळते.

चोथा जमीन आंबट करतो, हा समजही तपासून घ्यावयास हवा. कॉफीतील आम्ले पाण्यात विरघळणारी असल्यामुळे त्यांतील बराच भाग पेल्यात उतरतो. चोथ्याचा सामू पुष्कळदा उदासीनतेच्या जवळ आढळतो. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू मूठभर चोथ्याने खाली येईल, ही अपेक्षा व्यर्थ होय. गोगलगाईंचीही तीच कथा. २००२ साली हवाईत कॅफीनचा मारक परिणाम दाखविण्यात आला तो १ ते २ टक्के कॅफीनच्या द्रावणाचा. गाळून झालेल्या चोथ्यात इतके कॅफीन सहसा शिल्लक राहत नाही. शिवाय चोथ्याचे कण अतिशय बारीक असल्यामुळे जाड थर दिल्यास त्याची वाळून खपली धरते आणि पाणी वरूनच वाहून जाते.

आपल्याकडील फिल्टर कॉफीच्या बाबतीत आणखी एक भेद करावा लागतो. तिच्यात चिकोरी मिसळलेली असते. कायद्याने अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असली म्हणजे पुरते. चिकोरीच्या मुळात कॅफीन नसते व प्रथिनेही कॉफीच्या बीपेक्षा कमी असतात. पण तिचा बराच मोठा भाग पाण्यात विरघळून जात असल्यामुळे चोथ्यात तिचा वाटा मिश्रणातील वाट्यापेक्षा कमी राहतो. परदेशी आकडे जसेच्या तसे लावू नयेत, ते ह्यासाठी.

ह्यावर उपाय जुनाच आहे. आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड ह्यांनी इंदूर येथे बसविलेल्या आणि १९३१ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या कंपोस्टपद्धतीचे तत्त्वच असे की, कोणताही एक टाकाऊ पदार्थ एकटा न कुजविता विविध पदार्थांचे मिश्रण करावे व ढीग वेळोवेळी वरखाली करावा. चोथ्याचे प्रमाण ढिगाच्या आकारमानाच्या १० ते २० टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये. उरलेला भाग वाळका पाला, भाजीपाल्याची देठे व थोडे शेण ह्यांचा असावा. कुजण्याच्या क्रियेत कॅफीन व फेनॉली द्रव्ये यांचा सूक्ष्मजीव फडशा पाडतात. स्यूडोमोनास पुटिडा हा जीवाणू तर केवळ कॅफीनवरही गुजराण करू शकतो.

कंपोस्ट पुरते मुरले की नाही, हे पाहण्यास प्रयोगशाळाच हवी असे नाही. झुक्कोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये सुचविलेल्या चाचणीस जे बी लागते, ते म्हणजे आपल्या घरोघरी बाळंतिणीसाठी आणले जाणारे अळीव. कंपोस्टच्या पाण्याच्या अर्कात आणि निव्वळ पाण्यात सारखेच दाणे रुजत घालावेत, आणि उगवण व मुळांची लांबी ह्या दोहोंची तुलना करावी. दोन्ही गुणोत्तरांचा गुणाकार ८० टक्क्यांच्या वर गेला, तर सर्वसाधारणपणे ते कंपोस्ट परिपक्व मानतात. ५० च्या खाली राहिला, तर ढीग आणखी काही आठवडे तसाच राहू द्यावा.