‘बॉक ॲट’ म्हणजे नकार नव्हे

इंग्रजीतील ‘बॉक ॲट’ या जोडक्रियापदाला मराठीत सर्रास ‘नकार देणे’ लिहिले जाते. ते अंमळ जास्तच होते. नकाराला ‘टर्न डाउन’ आहे. ‘बॉक’मध्ये निर्णय झालेला नसतो, पाऊल अडलेले असते.

शब्द मूळचा शेतातला. जुन्या इंग्रजीत ‘बाल्का’ म्हणजे नांगराच्या दोन तासांमधली न नांगरलेली वरवंडी. त्यातून अडथळा हा अर्थ आला आणि पुढे अडथळ्यापाशी येऊन हटून उभ्या राहणाऱ्या घोड्याला हे क्रियापद चिकटले. (स्पेलिंगमधला ‘एल’ बहुधा उच्चारत नाहीत.) आपले अडेलतट्टू याच जातीचे! ‘ही बॉक्ड ॲट द प्राइस’ म्हणजे किंमत ऐकून तो थबकला. घासाघीस करून तो वस्तू घेईलही. वाटाघाटींच्या बातमीत हा फरक महागात पडतो : ‘अट मान्य करताना कां-कू केली’ म्हटले तर बोलणी चालू आहेत, ‘अट फेटाळली’ म्हटले की मोडली.

‘आढेवेढे घेणे’ मला इथे नेहमीच चालेलसे वाटत नाही. मनातून हवे असणाराही आढेवेढे घेतो.

‘शाय अवे फ्रॉम’ हेही घोड्याच्या वागण्याशी जुळणारे, पण तिथे जनावर बुजून बाजूला सरते. अडणे आणि बुजणे हे दोन शब्द आपल्याकडे तयार असताना दोन्हींना ‘टाळणे’ कशाला?

वापराचे एकच ध्यानात ठेवावे : ‘ॲट’पुढे नाम किंवा ‘पेइंग’सारखे रूप येते, ‘टु पे’ नाही.