जुन्या व्हॅनचा लाल-निळा दांडा

साखरप्यावरून आंबा घाट चढताना पावसाळ्यात जुन्या व्हॅनची पुढची काच हमखास धुरकटते. आधी काचेवर बोट ओढून बघा. रेघ उमटली तर वाफ आतली, आपल्या श्वासांची नि ओल्या छत्र्यांची. वायपर कितीही फिरवला तरी ती जाणार नाही.

आतली हवाच फिरवणारा दांडा बाहेरच्या हवेकडे सरकवा, झोत काचेकडे वळवा, पंखा वाढवा. एसी असेल तर लावाच. तो गारव्यापेक्षा इथे हवा कोरडी करायला कामी येतो. काच बाहेरून धुरकटली असेल, तर मात्र काचेवरचा गार झोत बंद करा.

लाल-निळा दांडा हा हीटरचा. रत्नागिरीत हीटर कशाला, असं वाटतं खरं! पण त्यात इंजिनाचंच गरम पाणी फिरतं. घाटात तापमानाचा काटा चढू लागला की दांडा पूर्ण लालकडे, पंखा जोरात, खिडक्या उघड्या. इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडते. घाम फुटतो, पण सुरक्षित जागा मिळेपर्यंत निभतं. मग गाडी थांबवा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका.