इंग्रजी शब्दांची गल्लत : तिचे मूळ आणि अध्यापन

तापाने अंथरुणावर पडलेला विद्यार्थी धाकट्या भावाच्या हाती रजेचा अर्ज पाठवितो. अर्ज इंग्रजीत असतो, कारण इंग्रजीत अर्ज लिहिता येणे ही वरच्या वर्गात थोडी प्रतिष्ठेची गोष्ट मानली जाते. त्यात एक वाक्य हमखास आढळते : ‘आय ॲम इल सिन्स थ्री डेज.’ शिक्षक ‘सिन्स’खाली तांबडी रेघ ओढतात आणि वर ‘फॉर’ लिहितात. पुढच्या आजारपणात तेच वाक्य त्याच चुकीसह परत येते. विद्यार्थ्याने लक्ष दिले नाही, असा निष्कर्ष अशा वेळी काढला जातो. वस्तुतः विद्यार्थ्याने पुरेपूर लक्ष दिलेले असते. मात्र ते मराठीकडे दिलेले असते. ‘मी तीन दिवसांपासून आजारी आहे’ हे त्याचे मनातले वाक्य निर्दोष आहे, आणि त्यातील प्रत्येक शब्दाला त्याने पाठ केलेला इंग्रजी शब्द प्रामाणिकपणे जोडला आहे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे असे शब्द प्राथमिक शिक्षकाच्या पुढ्यात पूर्वीपेक्षा लवकर येतात. त्यांच्या जोड्यांच्या लांबलचक याद्या फळ्यावर लिहून पाठ करवून घेण्याची प्रथा आहे. तिचा उपयोग थोडा आणि अपाय अधिक होतो. दोन सारखे शब्द एकाच वेळी, एकाच ओळीत शिकविले की ते मुलाच्या स्मरणात एकमेकांना चिकटूनच राहतात. गल्लत कोठून उत्पन्न होते हे आधी पाहिले पाहिजे. पुष्कळदा तिचे मूळ इंग्रजीत नसून मुलाच्या मातृभाषेत सापडते.

‘पासून’ हाच शब्द घ्यावा. मराठीत ‘सोमवारपासून’ म्हणतात आणि ‘तीन दिवसांपासून’ असेही म्हणतात. इंग्रजी येथे दोन वाटा करते. सोमवार, दिवाळी, सकाळ, २०२० साल हे काळातील बिंदू होत. तेथे ‘सिन्स’ येतो. तीन दिवस, दोन तास, पुष्कळ वर्षे हा काळाचा विस्तार होय. तेथे ‘फॉर’ येतो. मुलाला व्याकरणाची परिभाषा सांगण्याची गरज नाही. ‘केव्हापासून?’ या प्रश्नाचे उत्तर असेल तर ‘सिन्स’ आणि ‘किती दिवस?’ या प्रश्नाचे उत्तर असेल तर ‘फॉर’, एवढी मराठी कसोटी पुरते. अर्जातील वाक्यात ‘आय ॲम’च्या जागी ‘आय हॅव बीन’ हवे, ही दुसरी चूक आहे. तीही ‘आजारी आहे’ या मराठी वर्तमानकाळातूनच आली आहे. परंतु ती वेगळ्या दिवशी दाखवावी. एका वाक्यावर दोन तांबड्या रेघा ओढल्या की मूल दोन्ही विसरते.

‘पर्यंत’ या शब्दाची गल्लत याहून गंभीर, कारण ती मोठ्यांच्या पत्रव्यवहारातही शिरलेली असते. ‘शाळा शुक्रवारपर्यंत बंद राहील’ आणि ‘अर्ज शुक्रवारपर्यंत द्यावा’ या दोन वाक्यांत मराठी शब्द एकच असला तरी क्रिया भिन्न आहेत. पहिलीत बंद असणे शुक्रवार येईतो चालूच राहते; तेथे ‘टिल’. दुसरीत अर्ज देण्याची क्रिया एकदाच घडायची असून ती शुक्रवार संपण्यापूर्वी केव्हाही घडावी, तेथे ‘बाय’. ‘आय शॅल सबमिट द रिपोर्ट टिल मंडे’ असे लिहिणारा गृहस्थ सोमवार उजाडेपर्यंत अहवाल सादर करीतच राहणार, असा त्याचा अर्थ होतो! शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाची मुदत, दाखला नेण्याची तारीख या सर्व ठिकाणी हा भेद वाचता आला नाही, तर मुलाचे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते. येथे एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. ‘तो सोमवारपर्यंत येणार नाही’ या वाक्यात येणे ही एकदाच घडणारी क्रिया असूनही ‘टिल’च येतो, कारण न येणे ही स्थिती सोमवारपर्यंत चालू राहते. चौकस मूल हा प्रश्न विचारतेच, आणि त्याला ‘तसा नियम आहे’ एवढेच उत्तर देऊन गप्प बसविणे योग्य नाही.

‘शोध’ या शब्दाची कथा थोडी निराळी आहे. मेरी आणि प्येर क्यूरी यांनी १८९८ साली रेडियमचा शोध लावला आणि एडिसनने १८७७ साली फोनोग्राफचा शोध लावला, असे आपण म्हणतो. रेडियम सृष्टीत होतेच, ते प्रथम ओळखले गेले. म्हणून इंग्रजीत ‘डिस्कव्हर’. फोनोग्राफ पूर्वी कोठेच नव्हता, तो घडविला गेला, म्हणून ‘इन्व्हेंट’. हरवलेल्या गाईचा शोध घेतात तेव्हा ‘सर्च’. मराठीने शोध ‘घेणे’ आणि शोध ‘लावणे’ हा भेद क्रियापदाने दाखविला आहे, पण रेडियम व फोनोग्राफ यांतील भेद दाखविलेला नाही. ‘ती वस्तू आधीपासून होती काय?’ हा एक प्रश्न विचारला की मुले पुढची उदाहरणे स्वतःच लावू लागतात, आणि विज्ञानाचा तासही हाती लागतो.

‘फार’ याचेही असेच आहे. ‘चहा फार गरम आहे’ या वाक्यात नुसते वर्णन असेल तर ‘व्हेरी’. गरम असल्यामुळे तो पिता येत नसेल तर ‘टू’. ‘अवर टीचर इज टू काइंड’ असे मुलाने प्रेमाने लिहावे आणि त्यातून शिक्षकाचा दयाळूपणा जरुरीपेक्षा अधिक असल्याची तक्रार निघावी, असे घडते. झाडाची सावली ‘शेड’, माणसाची पडलेली सावली ‘शॅडो’; हाताचे बोट ‘फिंगर’, पायाचे ‘टो’. या लहान जोड्या अंगणात उभे राहून पाच मिनिटांत शिकविता येतात.

शब्दकोश येथे नेहमीच साहाय्यक ठरतो असे नाही. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली आली. मराठी समजू पाहणाऱ्या इंग्रजाला एका मराठी शब्दापुढे चार इंग्रजी शब्द मिळणे सोयीचे असते, कारण संदर्भ पाहून त्यांतला एक निवडण्याइतके इंग्रजी त्याला येत असते. इंग्रजी लिहू पाहणाऱ्या मराठी मुलापुढे तेच चार शब्द ठेवले, तर तो पहिला उचलतो.

गल्लतीचे दुसरे मूळ ध्वनीत आणि लिपीत आहे. देवनागरीत ‘वेस्ट’ असे लिहिले की त्यात चार इंग्रजी शब्द लपतात : पश्चिम दिशा, अंगात घालावयाची बंडी, नासाडी आणि कंबर. यांपैकी नासाडी व कंबर या अर्थांच्या शब्दांचा उच्चार इंग्रजीतही एकच आहे. तेथे स्पेलिंगच पाहावे लागते. परंतु बाकीचे वेगळे ऐकू येतात, आणि ते ऐकण्याची सवय मराठी कानाला लावावी लागते. मराठीत ‘ए’ हा एकच स्वर आहे. इंग्रजीत एक आखूड ‘ए’ आहे आणि दुसरा ‘इ’कडे हळूच घसरणारा आहे. लेखणीच्या ‘पेन’मध्ये पहिला; वेदनेच्या ‘पेन’मध्ये दुसरा, जवळजवळ ‘पेइन’ असा. चाचणीची ‘टेस्ट’ आखूड, चवीची ‘टेइस्ट’ घसरती. मिरीचा ‘पेपर’ आखूड, कागदाचा ‘पेइपर’. हा भेद कानावर पडला नाही म्हणून श्रुतलेखनात मूल वेदनेसाठी पी-ई-एन लिहिते, आणि पाय दुखत असल्याऐवजी पायात लेखणी असल्याचे वृत्त कळते. मुले यावर हसतात. त्यांना हसू द्यावे, मात्र ज्याने लिहिले त्याच्याकडे बोट दाखवू नये.

‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन अक्षरांचे ध्वनी आपल्या ‘व’मध्ये एकत्र होतात. बंडीच्या ‘वेस्ट’मध्ये वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, पश्चिमेच्या ‘वेस्ट’मध्ये दातांचा संबंध नाही, ओठांचा चंबू होतो. लहानसा आरसा वर्गात फिरविला तर हे एका तासात साधते.

तिसऱ्या प्रकारचे शब्द फसवे असतात, कारण ते आपल्याला आधीपासून येतात असे वाटते. ‘लाइट गेली’ हे शुद्ध मराठी वाक्य झाले आहे; परंतु इंग्रजीत ‘लाइट’ म्हणजे उजेड किंवा दिवा. तेथे वीज गेल्याचे सांगण्यासाठी ‘पॉवर’ किंवा ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्द योजावा लागतो. आपण चहा प्यायला ‘हॉटेलात’ जातो. इंग्रजी हॉटेलात मुक्काम करता येतो. परीक्षेत ‘पहिला नंबर’ येतो आणि चष्म्यालाही ‘नंबर’ असतो; इंग्रजीत पहिल्यास ‘रँक’ आणि दुसऱ्यास ‘पॉवर’ म्हणतात. मराठीतील या वापराला चूक ठरविण्याचे कारण नाही. शब्द घरात आला की तो घरच्या रीतीने वागतो. केवळ इंग्रजी लिहिताना त्याचे माहेर आठवावे.

उरल्या त्या खास इंग्रजीच्या घरच्या जोड्या. यांत इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेही चुकतात, तेव्हा प्राथमिक शाळेत त्यांसाठी फार गुण कापणे न्याय्य नव्हे. ‘प्रिन्सिपल’ हा शब्द शेवटी ए-एल लिहिला की मुख्य किंवा प्राचार्य आणि एल-ई लिहिला की तत्त्व. व्याजाच्या गणितातील मुद्दल हे ए-एलवालेच. ‘ॲडव्हाइस’ म्हणजे सल्ला आणि ‘ॲडव्हाइझ’ म्हणजे सल्ला देणे. येथे कान उपयोगी पडतो : पहिल्याच्या शेवटी ‘स’ आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘बाजार’मधील ‘ज’सारखा ध्वनी आहे, जो मराठी मुलाच्या तोंडी मुळातच आहे. ‘स्टेशनरी’ची जोडी गोष्ट सांगून शिकवावी. मध्ययुगीन इंग्लंडात पुष्कळ विक्रेते गावोगाव फिरत असत; एका जागी दुकान मांडून ग्रंथ विकणाऱ्याला ‘स्टेशनर’ हे नाव पडले. लंडनमध्ये त्या व्यवसायाचा संघ १४०३ साली स्थापन झाला. म्हणजे एका जागी स्थिर असणे आणि कागद-पेन्सिली विकणे हे दोन्ही अर्थ एकाच मुळापासून निघाले, आणि स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक तेवढा राहिला. सामानाच्या ‘स्टेशनरी’त ई-आर आहे, जसे ते ‘पेपर’च्या शेवटी आहे, स्थिर या अर्थाच्या शब्दात ए-आर.

अध्यापनात क्रम महत्त्वाचा. जोडीतील एक शब्द पंधरा दिवस एकटाच वापरात ठेवावा. तो वाक्यात सहज येऊ लागला म्हणजे दुसरा आणावा, आणि नंतरच दोघांना समोरासमोर उभे करावे. वही तपासताना चुकीचे मूळ समासात एका अक्षराने नोंदविता येते : मराठीतून आलेल्या चुकीस ‘म’, उच्चारातून आलेल्या चुकीस ‘उ’, नुसत्या स्पेलिंगच्या चुकीस ‘स’. महिनाअखेर ही अक्षरे मोजावीत. ज्या वर्गात ‘म’ अधिक निघेल त्या वर्गाचा पुढचा इंग्रजीचा तास मराठी वाक्यांनी सुरू करावा : फळ्यावर ‘पर्यंत’ची सहा वाक्ये लिहावीत, आणि कोणती क्रिया चालू राहते व कोणती एकदाच घडते, हे मुलांनी मराठीतच सांगावे, इंग्रजी शब्द त्यानंतर लिहावा.